उचलता येईल तेवढंच

गेल्या महिन्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात ‘परदेशी मुलांकडे जाताना’ या विषयावर व्याख्यान झालं. वक्ते अनुभवी होते, पाच वेळा अमेरिकेला जाऊन आलेले. व्हिसा, विमा, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या यांबद्दल त्यांनी सांगितलेलं सगळं उपयोगाचं होतं. शेवटी सामानाचा विषय निघाला, तेव्हा ते म्हणाले, “हल्ली नुसती केबिन बॅग घेऊन परदेशी जायचं खूळ निघालंय. पाठीवर पिशवी टाकून फिरणाऱ्या पोरांचं ते काम. आईवडिलांना ते शोभत नाही. तिकिटात ४६ किलो दिलेत, ते पूर्ण वापरा. मुलाच्या दारात रिकाम्या हाताने उभं राहू नका.” टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी वहीत ‘४६’ लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

त्या दोन रेघा मला घरी येईपर्यंत डोळ्यांसमोरून हलल्या नाहीत. कारण पहिल्या परदेशवारीच्या वेळी मीही तशाच ओढल्या होत्या, आणि त्याची किंमत आमच्या घराने मोजली होती. म्हणून हा प्रतिवाद. माझं म्हणणं पहिल्यांदाच स्पष्ट सांगते. मुलांना भेटायला दोन-चार महिन्यांसाठी जाणाऱ्या, साठी ओलांडलेल्या माणसांनी चेक-इन बॅग नेऊच नये. सात किलोंत जावं. ते जमतं, शोभतं, आणि त्यात मुलांचंही भलं आहे.

२०१४ मध्ये मी आणि हे पहिल्यांदा मिनिआपोलिसला मुलाकडे गेलो. दोघांच्या मिळून चार बॅगा, प्रत्येकी २३ किलो. हातातल्या पिशव्या धरून १०० किलोंच्या वर वजन. आदल्या रात्री टांगत्या काट्यावर एकेक बॅग तोलत, भाजणीची पिशवी या बॅगेतून त्या बॅगेत करत आम्ही दोन वाजवले. मुंबईला काउंटरवर बॅगा दिल्या आणि वाटलं, सुटलो. पण अमेरिकेत जाणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. पुढे दुसरं विमान पकडायचं असलं, तरी ज्या विमानतळावर तुम्ही त्या देशात पाय ठेवता, तिथे सहसा बॅगा स्वतः बेल्टवरून उतरवून घ्याव्या लागतात, कस्टम्समधून न्याव्या लागतात आणि पुन्हा पुढच्या विमानासाठी द्याव्या लागतात. आम्ही शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उतरलो. वीस-बावीस तासांचा प्रवास झालेला, झोप नाही, पाय सुजलेले. चालत्या बेल्टवरची तिसरी बॅग ओढताना ह्यांच्या कमरेत उसण भरली. तीन महिन्यांसाठी गेलेला माणूस पहिले तीन आठवडे गादीवर होता. चौथी बॅग आलीच नाही. ती चार दिवसांनी दारात आली तेव्हा लोणच्याची बरणी फुटून माझ्या दोन साड्या आणि नातवासाठी शिवलेली गोधडी तेलाने भिजलेली होती.

आता वक्त्यांचा पहिला मुद्दा घेऊ: दिलेले किलो सोडणं म्हणजे पैसे सोडणं. या युक्तिवादाला आपल्या पिढीत फार वजन आहे, कारण आपण काटकसरीत वाढलो. पण तिकिटावर लिहिलेलं वजन ही वरची मर्यादा असते. तेवढं न्यायलाच हवं असं तिकीट सांगत नाही. शिवाय बॅग तिकिटात ‘फुकट’ असण्याचे दिवसही सरत चाललेत. अमेरिकन एअरलाइन्सने २००८ मध्ये देशांतर्गत प्रवासात पहिल्या बॅगेला १५ डॉलर लावले आणि बाकीच्या मोठ्या कंपन्या हळूहळू त्याच वाटेने गेल्या. आज परदेशाच्याही अनेक तिकिटांत बॅगेसह आणि बॅगेविना असे वेगळे दर दिसतात. म्हणजे ज्याला आपण फुकट समजतो, त्याचे पैसे बऱ्याचदा आपणच आधी भरलेले असतात. आणि मुद्दा पैशांचाच असेल, तर भाजणीची, पापडांची, मसाल्यांची, नव्या मोठ्या बॅगांची बेरीज करा. त्यात कमरेच्या पट्ट्याचे आणि फिजिओथेरपीचे पैसेही धरा. आम्ही धरले होते.

त्या वजनाचा दुसरा अर्थही कुणी सांगत नाही. २३ किलोंच्या पुढे गेलेल्या बॅगेला ‘हेवी’ अशी चिठ्ठी लावतात आणि ३२ किलोंच्या वरची बॅग प्रवासी सामान म्हणून घेतच नाहीत. हे नियम विमानाला झेपत नाही म्हणून आलेले नाहीत. ती बॅग उचलणाऱ्या लोडरच्या पाठीसाठी आहेत. ज्याचं रोजचं कामच ओझं उचलण्याचं आहे, त्या तरुण माणसालाही २३ किलोंच्या पुढे सावध करावं लागतं. तेच २३ किलो आपण सहासष्ट वर्षांच्या, साखरेची आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला चालत्या बेल्टवरून ओढायला लावतो, एकदा नाही तर चार वेळा. यात प्रेम आहे हे मला मान्य. शहाणपण नाही.

“बॅग हरवली तर भरपाई मिळते,” असंही त्या दिवशी सांगितलं गेलं. मिळते, पण नीट समजून घ्या. १९९९ चा मॉन्ट्रियल करार भारताने २००९ मध्ये स्वीकारला. त्यानुसार विमान कंपनीची सामानाची जबाबदारी एका प्रवाशामागे ठरावीक रकमेपर्यंतच असते. एसडीआर या आंतरराष्ट्रीय हिशेबी एककात ही मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ आहे, म्हणजे ढोबळमानाने दोन हजार डॉलर. ती वरची सीमा आहे, हातात पडणारी ठरलेली रक्कम नाही. बॅगेत काय होतं ते दाखवावं लागतं. मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिराची एकवीस दिवसांत करावी लागते. हरवण्याचं प्रमाण पूर्वीपेक्षा खूप कमी झालंय, हेही प्रामाणिकपणे सांगते. विमानतळांच्या संगणकयंत्रणा सांभाळणाऱ्या ‘सिटा’च्या अहवालांनुसार २००७ मध्ये हजार प्रवाशांमागे जवळजवळ १९ बॅगा भरकटत, उशिरा येत किंवा खराब होत. २०२४ मध्ये हा आकडा ६.३ वर आला. पण त्या भरकटण्याचं सर्वांत मोठं कारण विमान बदलणं हेच आहे, आणि आपल्या बहुतेकांच्या वाटेत एक नाही तर दोन विमानं बदलायची असतात. शिवाय ज्या बॅगेत रक्तदाबाच्या गोळ्या आहेत ती चार दिवस आली नाही, तर त्या चार दिवसांत चुकलेल्या गोळ्या कुठलाही करार परत देत नाही.

दुसरा मुद्दा खाऊचा. हा खरा मुद्दा आहे, आणि याला हसून टाळणाऱ्यांपैकी मी नाही. आईच्या बॅगेतून निघणाऱ्या मेतकुटाचा वास काय करतो, ते मी मुलाच्या डोळ्यांत पाहिलंय. पण आपण बॅग भरतो ती कुठल्या काळाच्या हिशेबाने? १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, तेव्हा न्यूयॉर्कला पोचायला त्यांना जवळजवळ दोन महिने लागले, आणि तिथे आपल्याकडचं काही मिळण्याची आशा नव्हती. १९७४ मध्ये शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान उघडलं, तेव्हाही तूरडाळ मिळणं ही बातमी होती. आज न्यू जर्सीतल्या एडिसनचा ओक ट्री रोड, कॅलिफोर्नियातलं सनीव्हेल आणि माझ्या मुलाच्या मिनिआपोलिसचं उपनगर, सगळीकडे भारतीय किराणा आहे. पापड, पोहे, ज्वारीचं पीठ, बाकरवडी, लोणचं तिथल्या फळीवर असतं. मुलगा कामावरून येताना ते घेऊन येतो. आपण मात्र अजून १९७४ च्या आधीची बॅग भरतो आहोत.

आणि जे आपण भरतो, त्यातलं पुष्कळसं भरायलाच नको असतं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चटकन पेटणाऱ्या म्हणून विमानाच्या सामानात चालत नाहीत. घरोघरच्या बॅगांत त्या असतात आणि तपासणीत बॅग बाजूला काढली जाते. ताजा कढीपत्ता अमेरिकेत नेता येत नाही. कारण समजलं की राग येत नाही: सिट्रस सिला ही जी कीड विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना चांगली माहीत आहे, ती कढीपत्त्यावरही जगते. तिच्यातून पसरणारा ग्रीनिंग रोग २००५ मध्ये फ्लोरिडात सापडला आणि पुढच्या काळात तिथल्या संत्र्याच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. आपल्या मुलाच्या आमटीतली दोन पानं कुणाच्या तरी बागेच्या मुळावर येऊ शकतात. हापूसचंही तसंच. भारतीय आंब्याला अमेरिकेने २००७ मध्ये दार उघडलं ते विकिरण प्रक्रियेच्या अटीवर, आणि त्यासाठी लासलगावचं केंद्र कामाला लागलं. घरच्या पेटीतला आंबा त्या अटीत बसत नाही. आखाती देशांकडे जाणाऱ्यांनी तर आणखी जपावं. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, आणि अनारशाला खसखस लागतेच. परक्या देशात अधिकाऱ्यासमोर बॅग उघडून, तोडक्यामोडक्या इंग्रजीत अनारसे म्हणजे काय हे समजावून सांगणारी आई मला बघवत नाही. आणि काही लपवलं असं ठरलं, तर प्रश्न फक्त समजावण्याचा राहत नाही.

तिसरी गोष्ट वक्त्यांनी जाता जाता, चांगुलपणा म्हणून सांगितली: जागा उरली तर शेजाऱ्यांचं, नातेवाइकांचं पाकीट न्यावं, तेवढाच माणसामाणसांतला ओलावा. मला सर्वांत जास्त भीती याची वाटते. २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं कतारला गेलं. जाताना एका नातेवाईक बाईने दिलेलं पाकीट त्यांच्या सामानात होतं. दोहाच्या विमानतळावर त्यातून चार किलोंहून अधिक चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. ती मुलगी गरोदर होती, बाळंतपण तुरुंगात झालं. भारताच्या अमली पदार्थ नियंत्रण यंत्रणेने तपास करून ते फसवले गेल्याचं दाखवून दिलं, तेव्हा कुठे २०२१ मध्ये ते सुटून परत आले. तेही पाकीट परक्याने दिलेलं नव्हतं. तपासणीच्या वेळी ‘ही बॅग तुम्ही स्वतः भरली का’ असं विचारतात, त्याचं खरं उत्तर ‘हो’ असंच असायला हवं. मोठ्या बॅगेत जागा असते म्हणून नाही म्हणता येत नाही. सात किलोंच्या बॅगेकडे बोट दाखवलं, की समोरच्याला वाईट न वाटता नाही म्हणता येतं. भिडेपुढे हरणाऱ्या आमच्यासारख्यांना ही फार मोठी सोय आहे.

आता “सात किलोंत मावतं तरी काय?” याचं उत्तर. भारतातून परदेशी जाणाऱ्या अनेक कंपन्या इकॉनॉमीत सात किलोंची केबिन बॅग देतात, काही आठ किलोंची. माप साधारण ५५ सेंटिमीटर उंच, ४० रुंद आणि २० ते २३ जाड. २०२४ मध्ये मी एकटी गेले तेव्हाचा माझा हिशेब असा: बॅगेचं स्वतःचं वजन १.९ किलो, चार पंजाबी ड्रेस १.८, आतले कपडे आणि शाल ०.८, तीन महिन्यांची औषधं चिठ्ठीसह ०.९, साबण-कंगव्याची पिशवी ०.४, कागदपत्रं आणि जादा चष्मा ०.४, नातवाचं एक पुस्तक आणि सुनेची सुती साडी ०.५. एकूण ६.७. जाड स्वेटर आणि बूट अंगावर. द्रव पदार्थांच्या बाटल्या १०० मिलिलिटरच्या आतल्या. २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं पाडण्याचा कट उघड झाल्यापासून जगभर हा नियम आला. नेहमीची द्रव औषधं चिठ्ठी असेल तर यातून सुटतात. मुलाच्या घरी कपडे धुण्याचं यंत्र असतं, हे आपण बॅग भरताना विसरतो. चार ड्रेस आलटून पालटून तीन महिने पुरले आणि एकदाही कमी पडले नाहीत.

“मिनिआपोलिसच्या थंडीचं काय?” मी जानेवारीतही तिथे राहिले आहे, पारा शून्याखाली वीसवर गेलेला पाहिला आहे. आपण पुण्या-नाशिकच्या दुकानातून घेतलेला कोट त्या थंडीला पुरत नाही. पहिल्या वेळी चार किलोंचा कोट नेला आणि तिथे गेल्यावर मुलाने त्याचा जुना दिला, तोच वापरला. आता तो कोट त्यांच्या कपाटात माझ्या नावाने टांगलेला असतो. वर्षा-दोन वर्षांनी येणाऱ्या आईसाठी एक कोट आणि एक जोडी बर्फाचे बूट तिथेच ठेवणं कुठल्याही मुलाला जड नाही.

एक आक्षेप मात्र योग्य आहे: सगळेच हातात सामान घेऊन आले तर वरचे कप्पे भरतात आणि संकटात गोंधळ होतो. ऑगस्ट २०१६ मध्ये तिरुवनंतपुरमहून गेलेलं विमान दुबईच्या धावपट्टीवर कोसळलं. आत धूर भरत असताना काही प्रवासी वरच्या बॅगा काढत होते. सुदैवाने ३०० जण बाहेर पडले, पण आग विझवायला आलेल्या एका जवानाचा जीव गेला. उलट जानेवारी २०२४ मध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावर पेटलेल्या जपानी विमानातून सर्व ३७९ माणसं सामान मागे टाकून उतरली आणि वाचली. म्हणून माझा आग्रह दोन बाजूंनी आहे. सात किलो म्हणजे खरोखर सातच, दहा किलो कोंबून काउंटरवर हसून निभावणं नव्हे. आणि पासपोर्ट, चष्मा, दोन दिवसांच्या गोळ्या गळ्यातल्या लहान पिशवीत ठेवायच्या, म्हणजे प्रसंग आलाच तर बॅगेकडे न बघता उठता येतं. पॉवर बँकही हाताशी हवी. भरलेल्या विमानात ऐनवेळी केबिन बॅग खाली सामानात टाकायला सांगतात, तेव्हा पॉवर बँक आणि औषधं आधी काढून घ्यावी लागतात, कारण सुटी लिथियम बॅटरी सामानाच्या कप्प्यात चालत नाही.

सगळ्यांनी सात किलोंतच जावं असंही मी म्हणत नाही. दोन वर्षं शिकायला चाललेल्या मुलीला बॅगा लागतात. तान्हं मूल बरोबर असलेल्या घराला लागतात. लेकीच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू घेऊन निघालेल्या आईला मी अडवणार नाही. तिने एक बॅग न्यावी. पण तीही तिला स्वतःला उचलता येईल एवढीच.

आता राहिला शेवटचा आणि सर्वांत टोचणारा मुद्दा: रिकामे हात. २०१४ मध्ये मी मुलासाठी दोन किलो गोडा मसाला नेला होता. तो सहा-सात महिन्यांत संपला, आणि मग फोन आला, “आई, कुणी येतंय का तिकडून?” २०२४ मध्ये मी मसाला नेला नाही. तसंही ३५० मिलिलिटरहून जास्त पूड केबिनमधून अमेरिकेला नेण्यावर २०१८ पासून निर्बंध आहेत. मी माझ्या हस्ताक्षरातली कृती नेली. तिथल्या दुकानात धणे, तीळ, खोबरं, लवंग, दालचिनी, दगडफूल मिळालं. नागकेशर मिळालं नाही, त्यावाचून केला. मुलाने एकेक जिन्नस स्वतः भाजला. पहिल्यांदा खोबरं करपलं, ते टाकून पुन्हा भाजलं. मी शेजारी उभी राहून फक्त रंग सांगत होते: अजून थोडं, आता उतरव. आज तो दर चार-पाच महिन्यांनी मसाला करतो आणि त्याची आठ वर्षांची मुलगी तीळ निवडते. दोन किलो मसाल्याने जे दहा वर्षांत झालं नाही, ते एका कागदाने झालं.

२०२४ च्या त्या प्रवासात ओहेअरला उतरले तेव्हा बेल्टपाशी थांबले नाही. बॅग ओढत कस्टम्समधून सरळ बाहेर आले आणि पुढच्या विमानाला तीन तास असताना खिडकीपाशी बसून चहा प्याले. मिनिआपोलिसला मुलगा भेटला तेव्हा त्याने पहिल्यांदा ट्रॉली शोधली नाही, मला जवळ घेतलं. २०१४ मध्ये पहिला अर्धा तास चौथ्या बॅगेच्या तक्रारीचा अर्ज भरण्यात गेला होता. मुलं विमानतळावर येतात ती आपल्यासाठी. आपण धडधाकट, हसत, आपल्या पायांनी बाहेर येणं हा त्यांच्यासाठी सर्वांत मोठा खाऊ आहे.

वक्त्यांचा मला आदर आहे. त्यांनी टाळ्या घेतल्या त्या प्रेमाच्या नावावर, आणि ते प्रेम खरं आहे. पण प्रेमाचं माप किलोंत नसतं. ज्या बाईंनी ‘४६’ खाली दोन रेघा ओढल्या त्यांना, आणि या वर्षी निघणाऱ्या प्रत्येक आईवडिलांना माझी एकच विनंती आहे. बॅग भरून झाली, की मुलांना, जावयाला, रिक्षावाल्याला हाक मारू नका. तीच बॅग स्वतः, एकट्याने, डोक्याच्या वर उचलून बघा. उचलली नाही, तर उघडा आणि उचलली जाईल इतकी रिकामी करा. मगच कुलूप लावा.